गाडी पोराची, पॉलिसी बापाची

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि साडेतीनशे सीसीपर्यंतच्या बाइकवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याच दिवशी साडेतीनशेच्या वरच्या बाइक ४० टक्क्यांच्या रकान्यात गेल्या. शोरूममधला भाव हलला की जुन्या गाड्यांचा बाजारही हलतो. नवी बाइक काही हजारांनी स्वस्त झाल्यावर तीन वर्षं जुनी आधीच्याच भावात कोण घेणार? आणि चारशेच्या आसपासच्या बाइकचं उलटं. नवीवरचा कर वाढला, म्हणून जुनीला मागणी.

परभणीत हे सगळं वसमत रोडवर संध्याकाळी पाच वाजता उभं राहिलं की दिसतं. फुल फेअरिंगची आर१५, नारिंगी ड्यूक, मधेच एखादी अपाची आरआर. त्यातल्या बऱ्याच सेकंडहँड. पुण्या-संभाजीनगरहून ओळखीतून आणलेल्या, नाहीतर गावातल्याच ऑटो कन्सल्टिंगवाल्याकडून घेतलेल्या. कॉलेजातल्या पोरांची स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. खरी स्पोर्ट्स कार रीलमध्ये असते, क्वचित कुणाच्या वरातीत. पण दोन्हींच्या विम्याचं गणित एकाच पद्धतीनं मांडलं जातं, म्हणून आधी मोठ्या गाडीकडे पाहू. आकडे मोठे असले की पद्धत लवकर कळते.

फोर्ड मस्टँगची पाच लिटर इंजिनाची व्ही८ गाडी २०१६ पासून काही वर्षं भारतात विकली जात होती. समजा तशी एखादी जुनी गाडी कुणी घेतली. तिला थर्ड पार्टी विमा किती? जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी दरांप्रमाणे ७,८९७ रुपये वर्षाला. आता गावाकडची डिझेल स्कॉर्पिओ घ्या. ७,८९७. कारण १,५०० सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी कारना एकच दर. गाडी दोनशेच्या वेगानं पळते की बैलपोळ्याला पाहुणे आणते, हे थर्ड पार्टीच्या दराला माहीत नसतं.

फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, म्हणजे ज्याला ओन डॅमेज म्हणतात त्यात. तिथं गाडीची विमा कंपनीनं धरलेली किंमत, आयडीव्ही, महत्त्वाची. २००७ पासून हे दर कंपन्या स्वतः ठरवतात, तरी जुन्या टॅरिफचे टक्के अजून हिशेबाचा पाया म्हणून वापरले जातात. त्यात देशाचे दोन झोन आहेत. मुंबई, पुणे, दिल्ली वगैरे आठ मोठी शहरं 'ए' झोनमध्ये, बाकी सगळे 'बी'मध्ये. परभणी अर्थातच 'बी'. पाच ते दहा वर्षं जुन्या, १,५०० सीसीच्या वरच्या कारला 'बी' झोनचा दर ३.५१० टक्के. आयडीव्ही ३० लाख धरली तर १,०५,३०० रुपये. त्यात थर्ड पार्टीचे ७,८९७ मिळवा, वर १८ टक्के जीएसटी. झाले सुमारे १ लाख ३३ हजार ५०० रुपये, दरवर्षी. कंपन्या ओन डॅमेजवर सूट देतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा खाली येऊ शकतो. पण सूट नसताना हा हप्ता म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं पंचवीस क्विंटल सोयाबीन. आणि हमीभाव आपल्याकडे किती जणांच्या पदरात पडतो, ते वेगळं सांगायला नको.

तर मस्टँग राहू द्या. बाइकवर येऊ.

बाइकचे थर्ड पार्टीचे दरही सीसीवर ठरतात. ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६, आणि ३५० च्या वर २,८०४. आता यातली गंमत पाहा. जुनी आर१५, व्हर्जन टू, १४९ सीसीची. व्हर्जन थ्री १५५ ची. दिसायला बहिणी, पण सहा सीसीमुळे एकीचा थर्ड पार्टी हप्ता दुसरीच्या जवळपास दुप्पट. ३७३ सीसीची जुनी ड्यूक ३९० घेतली तर आणखी दुप्पट. हजार-दीड हजारासाठी कुणी आवडती बाइक सोडणार नाही, सोडूही नये. फक्त भाव करताना हे डोक्यात असावं.

एक नमुना हिशेब करू. समजा चार वर्षांच्या आतली १५५ सीसीची बाइक आहे आणि तिच्या मॉडेलची आजची कंपनीनं जाहीर केलेली किंमत १,८०,००० रुपये आहे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा. आयडीव्ही १,०८,०००. 'बी' झोनचा जुना टॅरिफ दर १.७६० टक्के, म्हणजे सुमारे १,९०० रुपये. थर्ड पार्टी १,३६६. जीएसटी धरून ३,८५५ च्या आसपास. महिन्याला भागलं तर सव्वातीनशे रुपये. पेट्रोलच्या भावासाठी आपली परभणी राज्यात आधीच गाजलेली. मनमाडहून टँकर यायचा म्हणून इथलं पेट्रोल इतरांपेक्षा महाग पडतं, हे २०२१ मध्ये सगळ्या चॅनेलांनी दाखवलं. त्या भावानं सव्वातीनशे म्हणजे तीन लिटर. एका रविवारी जिंतूरच्या पुढं फिरून आलं की संपतात.

आयडीव्हीचा एक धागा जीएसटीशी जोडलेला आहे. ती ठरते कंपनीच्या चालू जाहीर किमतीवर, तुम्ही मोजलेल्या पैशांवर नाही. नव्या गाडीची किंमत उतरली की तुमच्या जुनीची आयडीव्हीही उतरते. बाजारात १ लाख ३० हजाराला घेतलेली बाइक चोरीला गेली आणि पॉलिसीत १,०८,००० लिहिलेले असले, तर मिळतील ते त्या आकड्यातूनच. स्पोर्ट्स बाइकला रीसेल चांगला म्हणून आपण खूश असतो, पण रीसेल जितका तगडा तितकी ही दरी मोठी. म्हणून भाव ठरवण्याआधी आयडीव्ही विचारा.

दुसरा खड्डा प्लास्टिकचा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी किती का नवी असेना. फायबरग्लासवर ३० टक्के. लोखंडी भागांवर वयाप्रमाणे, तीन-चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. आता फुल फेअरिंगची बाइक म्हणजे बाहेरून सगळं प्लास्टिकच. गंगाखेड रोडला खडीवर घसरली आणि बिल झालं २७ हजार. त्यात प्लास्टिक १८ हजारांचं, लोखंडी भाग ६ हजारांचे, मजुरी ३ हजार. विमा कंपनी देणार प्लास्टिकचे ९ हजार, लोखंडाचे साडेचार, मजुरीचे ३, वजा सक्तीचे १०० रुपये. हातात १६,४००. उरलेले १०,६०० घरातून. स्प्लेंडर तशीच पडली असती तर मोडायला एवढं प्लास्टिकच नसतं. झीरो डेप्रिसिएशन नावाचं जोडसंरक्षण हेच भरून काढतं, पण गाडी जुनी होत गेली की कंपन्या ते द्यायला हात आखडता घेतात. पाच वर्षांच्या पुढच्या बाइकला ते मिळेलच असं धरून चालू नका.

आता खरेदीच्या जागेवर या. तिथला संवाद साधारण असा असतो.

"भाऊ, इन्शुरन्स चालू आहे ना?"

"आहे की दादा. सव्वीसपर्यंत आहे. टेन्शनच घेऊ नका."

कन्सल्टिंगवाला खोटं बोलत नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणावं लागेल. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या बाइकला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. २०२१ ची बाइक असेल तर तिचा थर्ड पार्टी २०२६ पर्यंत असतोच. पण ओन डॅमेज बहुतेकांनी पहिल्या वर्षीच घेतलेला असतो, नंतर कुणी भरत नाही. म्हणजे "इन्शुरन्स चालू आहे" याचा अर्थ तुम्ही दुसऱ्याला धडकलात तर त्याचं नुकसान भरून मिळेल, एवढाच. तुमची बाइक चोरीला गेली, जळाली, पुरात वाहून गेली तर शून्य. आणि २०१९-२० ची बाइक असेल तर ते पाच वर्षंही उलटून गेलेली. पहिल्या मालकाला पाच वर्षं हप्ता आठवावा लागला नाही, म्हणून सहाव्या वर्षी आठवतच नाही. संसदीय समितीपुढे आलेल्या आकड्यांत देशातली निम्म्याहून जास्त वाहनं विम्याविना निघाली होती, आणि त्यात दुचाकींचा वाटा मोठा आहे. पकडलं तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा ४,०००. सोबत कैदेचीही तरतूद आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ म्हणतं की गाडी विकली की विमा आपोआप नव्या मालकाकडे गेला असं धरायचं, आणि नव्या मालकानं १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. वाचून बरं वाटतं. पण सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच स्पष्ट केलंय की हे 'आपोआप' फक्त थर्ड पार्टीपुरतं. ओन डॅमेजचा भाग तुमच्या नावावर करून घ्यायला तुम्हाला स्वतः कंपनीकडे जावं लागतं. तो करताना जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही तुम्हाला मिळत नाही. तो बोनस माणसाचा, गाडीचा नाही. पाच वर्षं दावा न करता ५० टक्क्यांपर्यंत सूट कमावलेला माणूस ती सूट आपल्या पुढच्या गाडीवर घेऊन जातो आणि इथला फरक तुम्ही भरता. विकणारा जर "बोनस लागलेला आहे, हप्ता कमी येतो" असं सांगत असेल, तर तो त्याचा हप्ता सांगतोय.

नाव बदलण्याचा आळस तर आपल्याकडे इतका रुळलाय की त्याला व्यवहाराचंच रूप आलंय. पाचशेच्या बॉन्डवर लिहून घ्यायचं, टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या घ्यायच्या, आणि गाडी फिरवायची. एमएच २२ च्या कार्यालयात जायचं ते पुढच्या विक्रीच्या वेळी. कायद्यात फॉर्म २९ आणि ३० आहेत. त्याच राज्यातल्या गाडीसाठी विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर एक प्रकरण आलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, चौथ्याकडे गेलेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच. अपघात झाला. कोर्टानं म्हटलं, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे बाइक घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्यानं जास्त घाई करायला हवी. तुमची जुनी पल्सर तुम्ही बॉन्डवर दिली असेल तर आजच व्हाहनवर कुणाचं नाव दिसतं ते पाहा.

सध्या या कामात आणखी एक गाठ आहे. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झालीय आणि तिच्याशिवाय नाव बदलण्याची कामं अडतात. दुचाकीला करासह ५३१ रुपये. रक्कम फार नाही, पण जुनी बाइक घेत असाल तर प्लेट विकणाऱ्याला लावून द्यायला सांगा.

इथपर्यंतचं सगळं पैशांचं होतं. शीर्षकातली गोष्ट यापेक्षा जड आहे.

आपल्या घरांमध्ये बाइक बहुतेक वडिलांच्या नावावर असते. कर्ज त्यांच्या नावावर मिळतं, शिवाय "गाडी माझ्या नावावर आहे" हा घरातला शेवटचा ब्रेक असतो. पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे, हे अनेकांना ठाऊक असतं आणि त्या आकड्यानं घर निश्चिंत असतं. त्या संरक्षणाचं नाव नीट वाचा. मालक-चालक. पॉलिसीच्या अटीप्रमाणे ते आरसीवरच्या मालकाला असतं, तो स्वतः गाडी चालवत असताना, त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर. म्हणजे जो माणूस ती बाइक महिन्यातून एकदा बाजारात नेतो त्याला १५ लाख, आणि जो रोज कॉलेजला, क्लासला, रात्री मित्राकडे नेतो त्याचं नाव त्यात नाही.

मग थर्ड पार्टीतून काही मिळेल का? २ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं कर्नाटकातल्या एका कुटुंबाचं अपील फेटाळलं. २०१४ मध्ये त्या घरातला मुलगा दुसऱ्याची मागून आणलेली कार चालवत होता. वेगात गाडी उलटली, तो गेला. कुटुंबानं ८० लाख मागितले. न्यायाधिकरणानं नाही म्हटलं, हायकोर्टानं नाही म्हटलं, सुप्रीम कोर्टानंही. कारण दोन. चूक त्याचीच होती, आणि गाडी मागून घेतली म्हणजे तो मालकाच्या जागी उभा राहिला, तिसरा पक्ष राहिलाच नाही. तेव्हा काही चॅनेलांनी ही बातमी 'स्टंट केला तर विमा नाही' अशी चालवली. पण यात नवं असं काही नव्हतं. थर्ड पार्टी विमा पहिल्यापासूनच इतरांसाठी आहे, चालवणाऱ्यासाठी नाही.

मागे बसलेल्या मित्राचं काय, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. बाइकवर नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर तुमच्या चुकीनं झालेल्या अपघातात मागे बसलेल्याची भरपाई विमा कंपनीवर बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये सांगितलंय. पूर्ण, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर तो धरला जातो. सेकंडहँड बाइक, पाच वर्षांचा जुना थर्ड पार्टी आणि मागे जिगरी दोस्त, हे चित्र परभणीपासून पाथरीपर्यंत रोज दिसतं. त्या दोस्ताच्या उपचाराचा खर्च शेवटी बाइक चालवणाऱ्याकडे आणि मालकाकडे, म्हणजे फिरून वडिलांकडेच येतो.

लायसन्स नसेल तर गोष्ट आणखी बिघडते. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या पोर्शनं बाइकवरच्या दोघांचा जीव घेतला. त्या कोट्यवधींच्या गाडीची कायमची नोंदणी १,७५८ रुपयांच्या फीसाठी राहिली होती. तेव्हापासून कलम १९९ए सगळ्यांना माहीत झालं. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. विम्याच्या बाजूनं पाहिलं तर अशा प्रकरणांत कोर्ट अनेकदा कंपनीला पीडितांचे पैसे आधी द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. बारावीतल्या पोराच्या हातात ड्यूक देणाऱ्याची जमीन त्या वसुलीत येऊ शकते.

परदेशात हे चित्र वेगळं का दिसतं, याचं उत्तर हप्त्यात आहे. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या पोरांना विचारा. तिथं विमा चालवणाऱ्याचं वय, राहण्याचा पत्ता, आधीचे अपघात बघून ठरतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला वेगवान गाडीचा हप्ता ऐकूनच ती गाडी परत ठेवावी लागते. आपल्याकडे पन्नाशीतल्या मास्तरांना आणि एफवायच्या पोराला त्याच बाइकचा थर्ड पार्टी हप्ता एकच. हे गरिबाच्या सोयीचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे आपल्या हप्त्याला खरी जोखीम सांगताच येत नाही. २०२२ मध्ये विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, 'जसं चालवाल तसं भरा' धर्तीच्या ओन डॅमेज जोडसंरक्षणांना परवानगी दिली. आपल्या भागातल्या दुचाकींपर्यंत ते पोहोचल्याचं काही दिसत नाही. माझ्या मते थर्ड पार्टीचा दर नुसत्या सीसीवर ठरवत राहणं आता कालबाह्य झालंय. दोनशे सीसीची आजची बाइक पंधरा वर्षांपूर्वीच्या दोनशे सीसीसारखी पळत नाही.

मग पोरानं करायचं काय? बाइक तोच चालवणार असेल आणि अठरा पूर्ण असतील, लायसन्स असेल, तर आरसी सरळ त्याच्याच नावावर करावी. १५ लाखांचं ते संरक्षण मग योग्य माणसाला लागू होतं. ते जमत नसेल तर त्याचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. आयआरडीएआयनं ठरवून दिलेली सरल सुरक्षा विमा नावाची पॉलिसी एप्रिल २०२१ पासून कंपन्यांकडे मिळते, अडीच लाखांपासून पुढे. तेही नको असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. बँकेत खातं आणि वय १८ ते ७० एवढंच लागतं, वर्षाला २० रुपये कापले जातात, अपघाती मृत्यूला २ लाख. शिष्यवृत्तीच्या खात्यावरही ती चालू करता येते.

सायलेन्सर बदलायचा मोह असेल तर तो कंपनीला कळवल्याशिवाय दाव्याच्या वेळी अडचण येते. शिवाय कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरबदल करता येतच नाही. बदललेला सायलेन्सर लावूनच विकायला ठेवलेल्या बाइक बाजारात भरपूर आहेत. मूळ सायलेन्सर मागून घ्या, नाहीतर त्याची किंमत भावातून कमी करा.

जुन्या गाड्यांच्या डीलरसाठीही १ एप्रिल २०२३ पासून नियम आहे. त्यानं परिवहन कार्यालयाकडून अधिकृत डीलर म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं, विकायला आलेली प्रत्येक गाडी पोर्टलवर नोंदवायची, आणि ती त्याच्या ताब्यात असेपर्यंत मालक म्हणून जबाबदार राहायचं. बाइक पाहायला जाल तेव्हा टाकीवरची चमक बघण्याआधी ते प्रमाणपत्र मागा, मग पॉलिसीची प्रत, आणि तिच्यात ओन डॅमेजची शेवटची तारीख कुठली ते. थकलेली चलनं आणि फायनान्सचा बोजा परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकला की तिथल्या तिथे कळतो.